पाच डब्या आणि एक गाळणी

धाकटा आपल्या कामात हुशार होता, हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. पुढे जे घडलं ते त्याच्या बावळटपणामुळे घडलं असतं, तर त्याला निदान तोंड लपवायला जागा उरली असती.

शीतगृहात लावायच्या बिनतारी डब्या बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत तो नोकरीला होता. डबी म्हणजे काडेपेटीएवढा एक बोर्ड, त्यावर नखाएवढी चिप, पोटात बॅटरी. या चिपला दोनच गोष्टी नीट जमायच्या. एक म्हणजे गाढ झोपणं, आणि दुसरी म्हणजे काही घडलं की दचकून जागं होऊन वायफायवरून एक ओळ पाठवणं. ती ओळ मुख्य डबीकडे जाते, मुख्य डबी काय ते ठरवते आणि गरज वाटली तर माणसाच्या फोनवर भोंगा वाजवते. माणसानं फक्त तिला आधी सांगून ठेवायचं, कशाला गरज म्हणायचं आणि कशाला नाही. एवढं सांगून ठेवणं हाच धाकट्याचा धंदा होता, आणि त्यात त्याचा हात धरणारा कंपनीत कुणी नव्हता.

आई गेल्यावर आप्पा घरात एकटे राहिले. आप्पा म्हणजे धाकट्याचे वडील. एका कारखान्यात रात्रीचा पहारेकरी म्हणून त्यांनी उभा जन्म काढलेला. धाकटा दूरच्या शहरात. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, आप्पांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. शाळांचे गणवेश शिवायचं तिचं दुकान होतं. आप्पांचा तोल जायला लागला, डॉक्टरांनी रात्री काठीशिवाय उठायचं नाही म्हणून दम भरला, तेव्हा ताईनं सरळ सांगून टाकलं, "मी त्यांना माझ्याकडे नेते."

यात वाईट काहीच नव्हतं. पण धाकट्याला ते झोंबलं. बापाला बहिणीच्या दारी पाठवून आपण लांबून फोन करत बसायचं, लोक काय म्हणतील, भाऊजी काय म्हणतील. आणि आप्पांनाही घर सोडायचं नव्हतं, हे त्याला आयतंच मिळालं.

"कशाला हलवायचं त्यांना?" तो म्हणाला. "मी पाच डब्या लावतो. ते घरात कुठेही फिरले तरी मला तिकडे कळेल. तुलाही सारखं धावत यायला नको."

"डब्या पाणी देतील का रे त्यांना?" ताईनं विचारलं.

"पाणी त्यांचं ते घेतात, ताई. काही झालं तर आपल्याला कळायला हवं, एवढंच ना?"

ताईनं विषय सोडून दिला. तिला पटलं म्हणून नव्हे. धाकट्याशी वाद घालायचा म्हणजे दुकान बंद ठेवावं लागतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

मग एका रविवारी त्यानं डब्या ठोकल्या. एक बिछान्याशी, एक बैठकीच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, एक पॅसेजमध्ये, एक मागच्या दाराशी. प्रत्येकीच्या तोंडावर हालचाल टिपणारा पांढरा डोळा, आणि समोरून माणूस गेला की क्षणभर पेटणारा बारीक लाल दिवा. आप्पा हात मागे बांधून त्याच्या पाठीपाठी फिरले.

"यांच्याशी मी काय करायचं?"

"काही नाही करायचं, आप्पा. तुम्ही समोरून गेलात की मला कळतं तुम्ही ठीक आहात. नाही गेलात की मी काळजीत."

बस, एवढंच तो बोलला. आपण काय बोलून बसलो याचा त्याला पुढे कितीतरी दिवस पत्ता नव्हता.

पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. आप्पांना दुपारी जेवल्यावर गाढ झोप लागली आणि ते संध्याकाळपर्यंत हललेच नाहीत. इकडे धाकट्याच्या फोनवर भोंगा. त्यानं मीटिंग टाकून आप्पांना फोन लावला, उचलेना. ताईला लावला. ताई गिऱ्हाईकाच्या मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन धावत सुटली, समोरच्या काकूंनी दार बडवलं, आणि आतून आप्पा डोळे चोळत आले, "आग लागलीय का कुठे?" सगळे हसले. आप्पा मात्र हसले नाहीत. आपल्यामुळे मुलाला कामातून उठावं लागलं आणि मुलीला भर रस्त्यातून पळावं लागलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. पण जरा थांबून त्यांचा चेहरा कुणी पाहिला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी बिघाड सुरू झाला.

बिघाड असा की रात्री आप्पा झोपायच्या वेळी झोपत आणि मग दर तासाला पाचही डब्या ओळीनं बोलायला लागत. बिछाना, बैठक, स्वयंपाकघर, पॅसेज, मागचं दार, पुन्हा बिछाना. तासाभरानं तेच, त्याच क्रमानं. माणूस पॅसेजमध्ये गेला आणि ठरावीक वेळात बिछान्याशी परतला नाही तर भोंगा वाजवायचा, असं धाकट्यानं मुख्य डबीला सांगून ठेवलेलं. त्यामुळे भोंगा वाजायचा आणि तो फोन हातात घेईपर्यंत बिछान्याची डबी ‘आले’ म्हणून सांगायची. बायकोनं पहिले दोन दिवस समजून घेतलं, तिसऱ्या दिवशी उशी उचलून ती मुलीच्या खोलीत झोपायला गेली.

त्यानं आप्पांना फोनवर विचारलं, "रात्री काही त्रास होतो का हो?"

"कसला त्रास? सगळं वेळच्या वेळी चालू आहे."

गोळ्यांबद्दल बोलत असतील, असं धाकट्यानं धरलं.

त्याच्या कंपनीत एक जण होता, त्याला सगळे बुवा म्हणायचे, कारण कुठलाही बिघाड सांगा, त्याच्याकडे त्यावर प्रवचन तयार असे. बुवा चहाचा पेला फिरवत म्हणाला, "अरे, सोपं आहे. चिप रेडिओ सुरू करते ना, त्या झटक्यानं शेजारचा डोळा फसतो. त्याला वाटतं माणूस गेला. आपल्याच शिंकेनं दचकणाऱ्या मांजरासारखं. अँटेना लांब कर, वाटेत झटका गिळणारा एक कपॅसिटर टाक."

हे काही थोतांड नव्हतं. असं होतं, आणि धाकट्यानं शीतगृहांत ते स्वतः पाहिलं होतं. शिवाय माणूस असा घड्याळ लावल्यासारखा फिरत नाही, यंत्रच फिरतं. म्हातारा माणूस रात्री उठेल तर कधी दोनदा उठेल, कधी उठणार नाही, अर्ध्या वाटेत परत फिरेल. हे इतकं नीटनेटकं होतं की ते माणसाचं असूच शकत नाही, असं त्याच्या हुशार डोक्यानं ठरवलं.

तो सुटी काढून घरी गेला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पाचही डब्या उघडल्या, अँटेना वाकवल्या, कपॅसिटर डकवले, समोरच्यांचं वायफाय ज्या चॅनेलवर होतं तिथून आपलं हलवलं. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसले आणि डागकामाचा धूर कौतुकानं बघत राहिले. मुलगा घरात काहीतरी दुरुस्त करतोय, याहून मोठं सुख त्यांना बहुधा माहीत नव्हतं. त्या रात्री धाकटा तिथेच झोपला. सकाळी उठून पाहतो तर एकही डबी उगाच बोललेली नाही. त्यानं बुवाला फोन करून शाबासकी दिली.

आणि तो आपल्या शहरात परतला त्याच रात्री फेरी पुन्हा सुरू.

दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबी हा छळ असतोच: तो आला की बिघाड गुणी बाळासारखा बसतो, त्याची पाठ फिरली की धिंगाणा. धाकट्यानं आणखी दोन आठवडे घालवले. दूरवरूनच नवा प्रोग्राम चढव, डोळ्याची संवेदनशीलता कमी कर, झोपेच्या वेळा बदल. काही केल्या फेरी हटेना. शेवटी तो वैतागला. रोग सापडत नसला की आपण लक्षणावर पट्टी मारतो. त्यानं तेच केलं. मुख्य डबीत त्यानं एक गाळणी लिहिली. रात्रीच्या वेळी या डब्या तासाच्या अंतरानं या क्रमानं बोलू लागल्या, तर तो आवाज समजायचा, नोंदवायचा नाही आणि भोंगाही वाजवायचा नाही. कामाला एक दुपारसुद्धा लागली नाही. त्या रात्री सगळे शांत झोपले, बायकोची उशी परत आली, आणि धाकट्यानं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आप्पा पडले ते पहाटेच्या सुमाराला, पॅसेजमध्ये. सकाळी ताई डबा घेऊन आली तेव्हा ते भिंतीला डोकं टेकून पडलेले, शुद्धीवर, थंडीनं काकडलेले. खुब्याचं हाड मोडलं होतं. धाकट्याचा फोन त्या अख्ख्या रात्रीत चकार शब्द बोलला नव्हता.

तो पोचला तेव्हा आप्पांना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर ताई बसली होती. तिनं त्याला पाहिलं आणि तिचा बांध फुटला.

"माझ्यामुळे झालं रे. काल संध्याकाळी मी फरशी पुसली. पॅसेजमध्ये जरा जास्तच पाणी झालं होतं, म्हटलं वाळेल. मी पुसून काढलं असतं कोरड्यानं तर..."

भाऊजी तिथेच उभे होते. ते समजूत काढल्याच्या सुरात म्हणाले, "मी हिला सांगत असतो, संध्याकाळी कशाला पाण्याचे खेळ. पण ऐकेल तर शपथ."

धाकट्याला तेव्हा सगळं ठाऊक नव्हतं. पण आप्पा तासन्‌तास पडून राहिले आणि भोंगा वाजला नाही, म्हणजे आपली गाळणी कुठेतरी आड आली, एवढं त्याला कळत होतं. कळूनही तो काय म्हणाला? त्यानं ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे ताई. होतं असं कधी कधी. मुद्दाम थोडंच केलंस तू."

त्यानं तिला क्षमा केली. तो हात, तो आवाज, ते मोठं मन नंतर त्याला इतकं ओशाळवाणं वाटलं, की आठवण आली तरी चालता चालता तो डोळे मिटून घेई.

त्या संध्याकाळी तो आप्पांच्या घरी गेला. लॅपटॉप उघडून आधी गाळणी काढून टाकली. आता बिघाड उघडा पाडायचाच, असं त्यानं ठरवलं. पाचही डब्या तपासल्या, बॅटऱ्या मोजल्या. सगळं ठाकठीक. तो स्वतः ताईकडे झोपायला गेला आणि घर मोकळं सोडलं. सकाळी पाहिलं तर डब्या मुक्या. त्याला चीडच आली, हातचा बिघाड परत दडून बसला म्हणून. दुसऱ्या रात्रीही मुक्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो त्याच जेवणाच्या टेबलाशी बसला होता. अँटेना तीच, चिप तीच, समोरच्यांचं वायफाय तेच. गाळणी निघालेली, डोळ्याची संवेदनशीलता पहिल्यासारखी. मग बदललं काय? काम शिकताना त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, बिघाड थांबला की काय काढून घेतलं ते बघ. त्यानं मान वर करून घराकडे पाहिलं. बिछाना रिकामा, खुर्चीवर आप्पांचा टॉवेल. या घरातून गेल्या दोन दिवसांत एकच गोष्ट काढून घेतली होती.

आणि तो स्वतः इथे मुक्कामाला होता त्या रात्रीही डब्या बोलल्या नव्हत्या. त्या रात्री आप्पा घरात होते, पण त्याच्याबरोबर. त्याला याचा अर्थ पुरता लागला नाही, पण एक गोष्ट उघड होती. आप्पाच फिरत होते. रोज रात्री, दर तासाला, तोल जाणाऱ्या पायांनी आपला बाप पाच डब्यांसमोरून जात होता आणि आपण त्याला आवाज समजून गाळून टाकत होतो. त्यानं लॅपटॉप मिटला आणि तो बराच वेळ मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला.

ही गोष्ट ताईला सांगायला त्या दुपारी काही अडत नव्हतं. तिचं दुकान वाटेत होतं. तो दुकानावरून गेला. आत ती मान खाली घालून मशीन चालवत होती, डोळे सुजलेले. तो थांबला नाही. आधी आप्पांशी बोलू, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि रात्रभर ताईच्याच घरी, ताईनंच घातलेल्या अंथरुणावर तो गप्प पडून राहिला.

सकाळी वॉर्डात आप्पा उशीला टेकून बसले होते. पायाला आधार दिलेला, दाढी वाढलेली, पण चेहरा टवटवीत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ते कुठल्या नर्सचं इंजेक्शन दुखत नाही ते समजावून सांगत होते. धाकटा स्टुलावर बसला.

"आप्पा, एक विचारू? तुम्ही रात्री उठून घरात फिरत होता?"

आप्पांनी आधी दाराकडे पाहिलं, ताई नाही ना म्हणून. "डॉक्टरला सांगू नकोस. काठी घेऊनच फिरायचो. एखाददुसऱ्या वेळी राहिली असेल."

"पण कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे?" आप्पांना प्रश्नच कळेना. "तूच तर बोललास. समोरून गेलं की कळतं, नाही गेलं की काळजी. त्या दुपारी मी मेल्यासारखा झोपलो, केवढा गोंधळ घातला तुम्हाला. ताई कशी धावत आली बिचारी. म्हटलं, हे परत व्हायला नको. मला काय नवीन आहे होय ते?"

आणि मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात त्यांच्या गळ्यात कातडी पट्ट्यानं एक जाडजूड घड्याळ अडकवलेलं असायचं. आवारात सात ठिकाणी साखळीला किल्ल्या टांगलेल्या. पहारेकऱ्यानं दर तासाला फेरा मारायचा, प्रत्येक ठिकाणी तिथली किल्ली घड्याळात फिरवायची, म्हणजे आतल्या कागदावर खूण उमटे. पहारेकरी जागा आहे, याचा तोच पुरावा.

"तुझ्या डब्यांचं बरं," आप्पा म्हणाले. "किल्ली नको, काही नको. नुसतं समोर उभं राहायचं, लाल दिवा लागला की पुढे."

"आणि मी आलो होतो त्या रात्री?"

"साहेब स्वतः हजर असल्यावर कसला फेरा? त्या रात्री मस्त झोपलो मी."

त्याला पुढचं विचारायचं नव्हतं, पण आप्पांना तेच सांगायचं होतं.

"शेवटच्या फेऱ्याला पाय अडखळला. मागच्या दारापर्यंत पोचलोच नाही. पॅसेजमधून हाक मारली असती तर समोरच्या काकूंना ऐकू गेली असती, नाही असं नाही. पण म्हटलं, कशाला त्या बाईची झोप मोडा. आमच्याकडे फेरा संपवून वेळेवर फाटकाशी परतलं नाही, तर साहेब बॅटरी घेऊन शोधायला यायचा. फेरा अर्ध्यात राहिलाय म्हणजे तुला कळलंच असणार. तू ताईला फोन करशील, ती येईल. म्हणून पडून राहिलो गप्प." ते थोडं थांबले. "जरा उशीर झाला तिला. पण तिचं तरी काय, सकाळची घाई असते."

ज्या माणसानं एका हाकेत मदत मागवली असती, तो माणूस मुलावर भरवसा ठेवून थंड फरशीवर पडून राहिला होता. धाकट्याला वाटलं, आप्पांनी आपल्या तोंडात मारावी. ते तर त्याच्यासाठी सफरचंद कापून ठेवलंय म्हणून ताटलीकडे बोट दाखवत होते.

तेवढ्यात ताई आली. हातात डबा, काखेत धुतलेल्या कपड्यांची पिशवी. तिनं आल्या आल्या आप्पांचं पांघरूण सारखं केलं आणि कालच्यासारखंच, परवाच्यासारखंच पुन्हा सुरू केलं.

"आप्पा, आता घरी सोडलं की माझ्याकडेच यायचं. माझ्या घरी तरी मी काय दिवे लावणार आहे म्हणा, देव जाणे. पण आता संध्याकाळी फरशीला पाणी लावणार नाही, तुमची शपथ."

"अगं, फरशीचं काय," आप्पा म्हणायला लागले.

"तुम्ही नका मला पाठीशी घालू. माझं मला कळतं."

आता गप्प बसणं किती सोपं होतं पाहा. आप्पांना गाळणी म्हणजे काय ते कधी कळलं नसतं. ताईनं जन्मभर आपल्या माथ्यावर ते पाणी वाहिलं असतं, भाऊजींनी दर सणासमारंभाला ते काढलं असतं, आणि धाकटा तिच्या खांद्यावर हात ठेवत राहिला असता. तयार ठेवलेलं वाक्य होतंच: होतं असं कधी कधी. तो उठून उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नाही.

"ताई, फरशी वाळली होती."

"तुला काय माहीत?"

"तू संध्याकाळी पुसलीस. ते पडले पहाटे. तेवढ्या वेळात चादर वाळते." "ते पडले ते माझ्यामुळे. आणि पडून राहिले तेही माझ्यामुळे."

मग त्यानं सांगितलं. तांत्रिक शब्दांच्या आड लपायचा त्यानं एकदा प्रयत्न केला, ताई म्हणाली, "मराठीत बोल." तेव्हा तो मराठीत बोलला. आप्पा रोज रात्री माझ्यासाठी फिरत होते. मला ते फिरताना दिसत होते. मला वाटलं यंत्र बिघडलंय, म्हणून मी त्यांचं फिरणं मोजायचंच नाही असं सांगून ठेवलं. मग ते पडले तेव्हा यंत्र माझं ऐकून गप्प बसलं.

ताईनं पिशवी खाली ठेवली. "एकदा तरी विचारायचं होतंस त्यांना. सरळ. रात्री उठता का म्हणून."

"विचारलं होतं. म्हणजे... त्रास होतो का, असं विचारलं."

"तू यंत्राला महिनाभर विचारत बसलास, आणि त्यांना एक वाक्य." ती जोरात बोलत नव्हती, शेजारच्या खाटेवरचा माणूस ऐकत होता. "आणि हे तुला कधी कळलं?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "काल दुपारी," तो म्हणाला. "आणि भोंगा माझ्यामुळे वाजला नसणार, हे पहिल्या दिवशीच. तू बाकावर रडत होतीस तेव्हा."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी त्यानं फोडलेल्या काचेसाठी तिनं मार खाल्ला होता, तेव्हाही तिनं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. मग ती वळली आणि डबा उघडून वाटीत गरम सूप ओतू लागली. थोडं ताटलीत सांडलं, ते तिनं पुसलं नाही.

आप्पा इतका वेळ एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते. त्यांना बरंच कळलं होतं आणि बरंच कळलं नव्हतं.

"त्याला बोलू नकोस," ते ताईला म्हणाले. "नवीन काम आहे ते. चूक झाली, त्यानं स्वतः येऊन सांगितली. आमच्याकडे एवढ्यावर मिटायचं."

"तुमच्याकडे मिटायचं, आप्पा," ताई म्हणाली. "माझ्याकडे नाही मिटलं अजून."

धाकट्यानं मान हलवली. तिचं बरोबर होतं, आणि तिनं ते बोलून दाखवलं याचं त्याला कुठेतरी बरंही वाटलं. आप्पांची क्षमा त्याला पेलवत नव्हती.

आप्पांनी सूप बाजूला सारलं. त्यांच्या मनात काहीतरी घोळत होतं. त्यांनी धाकट्याला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून, एका कामकऱ्यानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं.

"मला एवढंच सांग. ते तू मोजायचं बंद केलंस, ते तुझं तू बघ. पण माझे फेरे तिथपर्यंत जात होते का? का मी रात्रभर नुसताच भिंतींना तोंड दाखवत होतो?"

धाकट्याला प्रत्येक रात्र आठवली. फोनवर ओळीनं उमटणारी नावं. बिछाना, बैठक, स्वयंपाकघर. त्यावर त्यानं दिलेल्या शिव्या.

"पोचत होते, आप्पा," तो म्हणाला. "एकूण एक फेरा पोचत होता. मीच घेत नव्हतो."

आप्पांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी सुपाची वाटी परत पुढे ओढली आणि ताईकडे बघून कौतुकानं म्हणाले, "पोचत होते म्हणतोय. म्हणजे यंत्र चांगलं बनवलंय गं यानं."